वॉकर्टनची पाच नंबरची विहीर

टोरांटोला मुलांकडे राहावयास गेलेल्या आपल्याकडील ज्येष्ठ मंडळींना नायगारा एकदा दाखवला जातो, दुसऱ्यांदा दाखवला जातो, आणि भारतातून कोणी पाहुणे आले की तिसऱ्यांदाही. वॉकर्टनला मात्र कोणी नेत नाही. टोरांटोच्या वायव्येस मोटारीने दोन-अडीच तासांच्या अंतरावर, ऑन्टारिओ प्रांताच्या ब्रूस परगण्यात हे गाव आहे. वस्ती पाच हजारांच्या आसपास. ऑरेंजव्हिल मागे पडले की मोठ्या शहराची खूण उरत नाही. दोन्ही बाजूंस मका, सोयाबीन आणि चाऱ्याच्या गवताची शेते, मध्येच लाकडी गोठे आणि त्यांच्या शेजारी चारा साठवण्याच्या उंच कोठ्या दिसू लागतात. हा पशुपालकांचा मुलूख आहे. गायीगुरे इथल्या अर्थव्यवहाराचा कणा आहेत, आणि पुढे जे सांगावयाचे आहे त्यात त्यांचाही अजाणता संबंध आहे.

गाव तसे देखणे. सॉगीन नदी गावातून वळण घेत जाते आणि पुढे ह्युरॉन सरोवरास मिळते. डरहॅम स्ट्रीट हा मुख्य रस्ता. त्यावर विटांच्या जुन्या इमारती, दुकाने, जवळपास चर्च. परगण्याचे मुख्य ठाणे असल्याने न्यायालयही येथेच. अशा गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. पाणीपुरवठ्याचा व्यवस्थापक कोण, त्याचे वडील काय करीत असत, हे सर्वांना ठाऊक असते. तक्रार करावयाची तर अर्ज लागत नाही, वाटेत गाठून बोलता येते. छोट्या वस्तीचे हे सुख आहे. वॉकर्टनमध्ये तेच काहीसे अंगाशी आले.

गावाचे पाणी विंधनविहिरींचे. सन २००० मध्ये पाच, सहा आणि सात क्रमांकाच्या तीन विहिरी चालू होत्या. त्यांतील पाच नंबरची विहीर १९७८ मध्ये, शेताला लागून खोदलेली. तिची खोली ऐकून कोकणातला माणूससुद्धा चकित होईल: जेथून पाणी मिळत असे तो थर जमिनीखाली अवघा साडेपाच ते साडेसात मीटरवर होता. वर मातीचे आवरण पातळ, खाली भेगाळलेला खडक. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना माती त्यास गाळून स्वच्छ करते, या निसर्गाच्या सोयीला येथे वावच नव्हता. वर पडलेले भेगांवाटे थेट खाली. विहिरीस मंजुरी मिळाली तेव्हाच हा धोका अधिकाऱ्यांच्या लक्षात आला होता. परंतु परवान्याला काही कडक अटी जोडावयास हव्या होत्या त्या जोडल्या गेल्या नाहीत, आणि ते कागद खात्याच्या फायलीत बंद राहिले. नंतरच्या तपासनिसांनी ती फाईल उघडून पाहिली नाही.

अशा पाण्याला क्लोरीन हाच आधार. क्लोरीनचे काम साधे आहे, परंतु त्याचा हिशेब नीट ठेवावा लागतो. पाण्यात जेवढी घाण असेल तेवढा क्लोरीन तिच्याशी झुंजण्यात खर्ची पडतो. खर्च होऊन जो उरतो त्यास अवशिष्ट क्लोरीन म्हणतात. पंधरा मिनिटांच्या संपर्कानंतर प्रति लिटर ०.५ मिलिग्रॅम शिल्लक असावी, असा ऑन्टारिओचा दंडक होता. ही शिल्लक रोज मोजली की पाण्याची खरी अवस्था कळते. काल ०.५ होती आणि आज शून्यावर आली, तर समजावे की विहिरीत काहीतरी नको ते शिरले आहे. पंप बंद करावा आणि चौकशी करावी.

वॉकर्टनमध्ये दैनिक नोंदवही होती. तिच्यात रोजची नोंदही होत असे, ०.५ किंवा ०.७५. दिवसामागून दिवस, महिन्यामागून महिना हेच दोन आकडे. बहुतेक दिवशी मोजणी झालेलीच नसे. आकडा अंदाजाने नव्हे, सवयीने लिहिला जात असे. प्रत्यक्षात क्लोरीनही ठरल्यापेक्षा कमी सोडला जाई. ज्या शाखेची रोखीची शिल्लक रोज संध्याकाळी त्याच दोन आकड्यांपैकी एक दाखवते, तेथे कोणताही बँक तपासनीस सर्वांत आधी तिजोरी उघडावयास लावील. पर्यावरण खात्याची तपासणी १९९१, १९९५ आणि १९९८ साली झाली. १९९८ च्या तपासणीत क्लोरीन कमी असल्याचे आणि नमुन्यांत ई. कोलाय जिवाणू सापडल्याचे नमूद झाले. समज देणारे पत्र गेले. नोंदवहीतील त्या दोन आकड्यांनी कोणाला विचारात पाडले नाही. पुन्हा तपासावयासही कोणी आले नाही.

हे सारे करणारे व्यवस्थापक आणि त्यांच्या हाताखाली काम करणारे त्यांचे बंधू हे खलपुरुष नव्हते, आणि इथेच ही हकिकत अवघड होते. दोघे याच गावचे. परीक्षा वा शिक्षण न घेता, केवळ अनुभवाच्या जोरावर त्यांना परवाने मिळाले होते. वॉकर्टनचे पाणी मुळातच चांगले आहे अशी त्यांची श्रद्धा होती. ते स्वतः क्लोरीनविरहित पाणी विहिरीवर पीत असत. शिवाय क्लोरीनचा वास येतो, चव बिघडते, अशी गावकऱ्यांचीही कुरकुर असे. गोड लागणारे, काचेसारखे निर्मळ दिसणारे पाणी सर्वांना हवे होते, आणि तेच मिळत होते.

सन २००० च्या मे महिन्यात ८ ते १२ तारखांच्या दरम्यान तेथे १३४ मिलिमीटर पाऊस झाला. महाबळेश्वरच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, परंतु त्या भागासाठी तो मुसळधारच. पाच नंबरच्या विहिरीजवळच्या शेतात त्याआधी शेणखत पसरलेले होते. ते योग्य पद्धतीने पसरले होते आणि त्या शेतकऱ्याचा कोणताही दोष नाही, असा निर्वाळा पुढे चौकशीत देण्यात आला. तो येथेही नोंदवलेला बरा. गायीच्या आतड्यात ई. कोलाय ओ१५७:एच७ नावाचा जिवाणू गायीला कसलाही त्रास न देता राहू शकतो. माणसाच्या, विशेषतः बालकाच्या पोटात गेला की तो रक्ती अतिसार घडवतो आणि काहींची मूत्रपिंडे निकामी करतो. पावसाने हा जिवाणू, आणि सोबत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा दुसरा, खडकातील भेगांतून विहिरीत उतरवला. त्या दिवसांत गावाचे बरेचसे पाणी त्याच विहिरीतून येत होते. थोडाफार क्लोरीन होता तो घाणीने संपवला. शिल्लक कोणी मोजली नाही. वहीत मात्र ०.७५ उमटले.

१५ मे रोजी पाण्याचे नमुने एका खासगी प्रयोगशाळेकडे गेले. १७ मे रोजी तिने फॅक्सने कळवले की नमुने दूषित आहेत, ई. कोलाय आहे. हे व्यवस्थापकांना कळवले. आरोग्य खात्याला नाही. ऑन्टारिओ सरकारने १९९६ साली पाणी तपासणीची सरकारी सोय बंद करून ते काम खासगी प्रयोगशाळांवर सोपवले होते, परंतु वाईट निकाल आरोग्याधिकाऱ्यास कळवलाच पाहिजे असा कायदा मात्र केला नव्हता. खर्च वाचवताना तेवढी एक ओळ राहून गेली.

१८ तारखेस ओवेन साउंडच्या रुग्णालयात वॉकर्टनची दोन मुले दाखल झाली. दुसऱ्याच दिवशी तेथील बालरोगतज्ज्ञांनी ई. कोलायची शंका आरोग्य कार्यालयास कळवली. त्याच शुक्रवारी कार्यालयाने पाणीपुरवठ्याच्या व्यवस्थापकांना दूरध्वनी केला. पाणी ठीक आहे ना? ठीक आहे, असे उत्तर मिळाले. दोन दिवसांपूर्वीचा फॅक्स त्यांच्याकडे होता. दूरध्वनी ठेवल्यावर त्यांनी गाजावाजा न करता नळवाहिन्या धुण्यास आणि क्लोरीनची मात्रा वाढवण्यास आरंभ केला. म्हणजे त्यांना कळले होते. शनिवारी पुन्हा विचारणा झाली आणि पुन्हा तेच आश्वासन मिळाले. आजारी मुलांच्या आया त्या दोन दिवसांत, अंगातले पाणी कमी होऊ नये म्हणून, मुलांना नळाचे पाणी जास्तच पाजत होत्या.

शनिवारी पाणीपुरवठ्याच्याच एका कर्मचाऱ्याने नाव न सांगता पर्यावरण खात्याला फोन करून नमुने बिघडल्याचे सांगितले. अखेर रविवारी, २१ मे रोजी दुपारी दीड वाजता, आरोग्याधिकारी डॉ. मरे मॅक्विग यांनी व्यवस्थापकांच्या शब्दावर विसंबून न राहता आपल्या जबाबदारीवर आदेश काढला: पाणी उकळूनच प्या. सुट्टीचे दिवस होते. आदेश मुख्यतः स्थानिक रेडिओवरून गेला आणि अनेकांच्या कानी पडलाच नाही. त्यानंतर कार्यालयाने स्वतः घेतलेल्या नमुन्यांतही जिवाणू सापडले. गंभीर रुग्णांना विमानाने दूरच्या लंडन (ऑन्टारिओतील) शहरात हलवावे लागले. सात जणांचे प्राण गेले. २,३०० हून अधिक लोक आजारी पडले, म्हणजे जवळजवळ निम्मे गाव. ज्यांच्या मूत्रपिंडांवर घाला आला ते २७ जण बहुतांशी लहान मुले होती. पुढील काही वर्षे या गावकऱ्यांच्या प्रकृतीचा अभ्यास झाला. उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाची दुर्बलता, पोटाचे चिवट विकार त्या आजारातून उठलेल्यांत अधिक आढळले.

न्यायमूर्ती डेनिस ओ'कॉनर यांच्या चौकशी आयोगाने वॉकर्टनमध्येच सुनावणी घेतली. अहवालाचे दोन भाग २००२ मध्ये आले, शिफारशी १२१. क्लोरीनची शिल्लक आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रे पाच नंबरच्या विहिरीवर असती तर ही साथ आलीच नसती, आणि नुसती रोजची मोजणी खरेपणाने झाली असती तरी तिचा आवाका पुष्कळ कमी झाला असता, असा आयोगाचा निष्कर्ष आहे. साथीचा आर्थिक फटका सुमारे साडेसहा कोटी डॉलरचा धरण्यात आला. गेलेल्या जिवांची आणि भोगलेल्या यातनांची किंमत त्यात नाही. त्या रकमेपुढे एका यंत्राचा खर्च काय होता, हे सांगावयास आकडेमोड लागत नाही. दोघा बंधूंनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. २००४ च्या डिसेंबरात व्यवस्थापकांना एक वर्षाची कैद आणि बंधूंना नऊ महिन्यांची घरकैद झाली. ही शिक्षा कमी झाली असे गावातील काहींना वाटले. चौकशी अहवालाने सरकारच्या काटकसरीवर आणि खात्याच्या ढिलाईवर ठेवलेला ठपका वाचल्यावर एवढे मात्र म्हणावेसे वाटते की कैद एकालाच झाली, वाटेकरी बरेच होते.

पाणी गाळून पिण्याचा संस्कार असलेल्या आपल्या घरांसाठी या हकिकतीत एक बारीक मुद्दा आहे. दुपदरी-चौपदरी वस्त्राने गाळलेले पाणी डोळ्यांना दिसणारे आणि काही न दिसणारेही सूक्ष्म जीव बाजूला काढते. बांगलादेशात जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळून घेण्याचा प्रयोग केलेल्या खेड्यांत पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले, कारण पटकीचे जिवाणू पाण्यातील अतिसूक्ष्म प्राण्यांना चिकटून असतात आणि ते प्राणी वस्त्रावर अडकतात. वॉकर्टनचा जिवाणू मात्र सुटा होता. त्याची लांबी मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढी. कोणत्याही गाळणीतून तो सहज उतरला असता. उकळी फुटलेल्या पाण्यात तो टिकत नाही. आपल्याकडे उकळलेल्या पाण्याचा नेम पाळणारी वडीलधारी माणसे वेगळ्या कारणाने तो पाळतात, डॉ. मॅक्विग यांच्या आदेशातही अखेर तेवढेच सांगितले होते.

आणि ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी टाकीत टीसीएल पावडर टाकतो, तेव्हा शेवटच्या नळाच्या पाण्यात ओ.टी.चे थेंब टाकून पिवळी झाक येते का हे पाहिले जाते, की वही आधीच भरलेली असते? आपल्याकडील मानकाप्रमाणे तेथे प्रति लिटर किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असली पाहिजे. गृहसंस्थेच्या टाकीबाबतही हा प्रश्न वार्षिक सभेत विचारावयास हरकत नाही. तपासणीस दोन मिनिटे लागतात.

वॉकर्टनमध्ये पाणी उकळण्याचा आदेश ५ डिसेंबर २००० रोजी उठला. साडेसहा महिने गाव बाटल्यांच्या आणि उकळलेल्या पाण्यावर जगले. पाच नंबरची विहीर कायमची बंद झाली. आज गावात मृतांच्या आठवणीसाठी राखलेले उद्यान आहे, आणि २००४ साली प्रांतिक सरकारने स्थापन केलेले वॉकर्टन क्लीन वॉटर सेंटर. ऑन्टारिओभरातील पाणीपुरवठा कर्मचारी तेथे शिकावयास येतात. छोट्या गावांतून एकट्याने सारे सांभाळणाऱ्यांना प्रत्यक्ष यंत्रांवर हात बसवून दिला जातो. अनुभवाच्या जोरावर परवाना मिळण्याची सवलत आता राहिलेली नाही. प्रयोगशाळेने दूषित नमुना तत्काळ आरोग्याधिकाऱ्यास कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. २०१२ च्या अखेरीपासून तर पाणीपुरवठ्यावर देखरेख करणारे नगरसेवकही निष्काळजीपणाबद्दल व्यक्तिशः जबाबदार धरले जातात, आणि निवडून आल्यावर आपले हे कर्तव्य नेमके काय याचा वर्गही त्यांच्यासाठी भरवला जातो.