मागच्या बाकावरचा गुरू

नदीकाठी जन्म गेलेल्या माणसाला पाण्याचं भय वाटत नाही. गेल्या नाताळच्या सुटीत माझी चूक झाली ती तिथंच.

आमचा एक माजी विद्यार्थी पर्यटकांना चोडणच्या खारफुटीत कायाकमधून फिरवून आणतो. ‘सर, एकदा याच’ म्हणाला, म्हणून गेलो. त्यानं नारिंगी लाइफ जॅकेट पुढं केलं. उकडतं म्हणून मी ते पायाशी ठेवलं. अंगात राखाडी सदरा. तो काहीतरी बोलणार होता; पण सरांना कसं सांगायचं, म्हणून बिचारा गप्प बसला.

परतताना सूर्य माझ्या पाठीशी कलला होता. रायबंदरहून निघालेली फेरीबोट मला स्वच्छ दिसत होती. मला ती दिसते म्हणजे तिलाही मी दिसतो, असं मी धरून चाललो. तिच्या चालकाच्या डोळ्यांवर मात्र मांडवीची सगळी चकाकी येत होती आणि त्या चकाकीत मी एक काळा ठिपका! ‘सर, थांबा! वल्हं उंच धरा!’ तो ओरडला. स्वतःचं पिवळं वल्हंही त्यानं उभं धरून हलवलं. भोंगा वाजला, बोट मंदावली. आम्ही तिच्या मागून पार झालो.

काठावर आल्यावर त्यानं माझा वर्ग घेतला. कायाक पाण्यालगत, त्यामुळे दुरून दिसत नाही. बार्जच्या केबिनमधून तर नाळेपुढचं पाणीच दिसत नाही आणि भरलेली बार्ज चटकन थांबतही नाही, वळतही नाही. खोल पाण्याची वाट तिची. आपण कडेनं जावं, ओलांडायची तर सरळ आडवी, सगळ्यांनी मिळून. रात्री समोर तांबडा आणि हिरवा दिवा एकदम दिसला, तर बोट थेट आपल्यावर येते आहे असं समजावं. आपल्याजवळ पांढरा दिवा हवाच. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतही वल्ह्याच्या होडीला तो हाताशी ठेवायला सांगितलं आहे. मला आमच्या लहानपणीच्या तारीचा कंदील आठवला. तो उजेडासाठी असतो, असंच मी इतकी वर्षं समजत होतो.

‘सर,’ तो हसून म्हणाला, ‘तुम्हाला दिसू नये म्हणून मी मागं बसायचो. इथं तसं चालत नाही.’

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. या वेळी जॅकेट त्यानं मागितलं नाही. स्वतःच माझ्या अंगावर चढवून पट्टे आवळले. मीही शहाण्या मुलासारखे हात वर केले.