दोन नाड्या

परगावच्या माणसाला अंजूर ठाऊक असते ते वसईच्या १७३७–३९ च्या मोहिमेतील गंगाजी नाईक अंजूरकरांमुळे, नाहीतर अंजूरफाट्यावरच्या वाहतूककोंडीमुळे. ती कोंडी पाहिली की आम्हाला मात्र आमचा पुतण्या आठवतो.

तो सात वर्षांचा होता. खेळून आला की पोटऱ्या दुखतात म्हणे. वाढत्या वयात पाय दुखायचेच, असे म्हणून आम्ही रात्री तेल चोळत असू. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरबाईंनी एक हात त्याच्या मनगटावर आणि दुसरा जांघेत ठेवला. वरची नाडी ठणठणीत, खालची जेमतेम. मग दंडाचा आणि मांडीचा रक्तदाब मोजला. पायातला दाब हातातल्या इतका किंवा किंचित अधिक असायला हवा. तो कितीतरी कमी भरला.

महाधमनी हृदयातून निघून वर जाते, वळते आणि खाली उतरते. डाव्या हाताची शाखा फुटते त्याच्या जरा पुढे ती जन्मतःच अरुंद होती. फाट्यावर रस्ता आवळला की मागे कंटेनरची रांग लागते, पुढचा रस्ता ओस पडतो, आणि रिक्षा आडगल्ल्यांनी वाट काढतात. शरीरही तेच करते: डोक्याकडे व हातांकडे दाब वाढतो, पायांना रक्त अपुरे पडते, आणि फासळ्यांलगतच्या लहान धमन्या फुगून आडवाटेने रक्त पोचवतात. संकोच तीव्र असेल तर जन्मानंतर काही दिवसांतच जिवावर बेतते. सौम्य असेल तर तो वर्षानुवर्षे लपून राहतो.

ही शस्त्रक्रिया क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी १९४४ च्या ऑक्टोबरात स्टॉकहोममध्ये प्रथम केली. आमच्या मुलाची मुंबईत झाली. छातीच्या डाव्या बाजूने, फासळ्यांमधून शिरून, धमनी दोन्हीकडे चिमट्यांनी रोखायची, अरुंद भाग कापून काढायचा आणि दोन्ही टोके एकमेकांना शिवायची. चिमटे लागलेले असताना खालच्या अंगाला रक्त मिळते ते त्या आडवाटांनीच. बाहेरच्या बाकावर बसून आम्ही त्या अनोळखी धमन्यांचा धावा करत होतो.

संध्याकाळी परिचारिकेने आमचे बोट धरून त्याच्या पावलावर ठेवले. तिथे नाडी होती.

शस्त्रक्रियेला ऐंशी वर्षे उलटली; अडते ते ओळखण्यापाशी. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि शाळांतून मुलांची तपासणी होते, ती यासाठीच मोलाची. जांघेतली नाडी पाहायला यंत्र लागत नाही. बोट लागते आणि आठवण लागते. पुतण्याला यापुढे जन्मभर रक्तदाब तपासत राहावा लागेल, कारण शिवलेली जागा पुन्हा आवळू शकते आणि दाबही पुन्हा चढू शकतो.

तो आता बेफाम धावतो. दुखणे छातीत होते, आणि आम्ही मायेने पाय चोळत होतो. ही माया पुरेशी नव्हती, हे मान्य करायला आम्हाला वेळ लागला.