भांडणाला नेमकं नाव

मराठीत भांडणाला नावं पुष्कळ आहेत. कुरबुर, धुसफूस, बाचाबाची, खडाजंगी, झटापट, हाणामारी, चकमक, दंगल. घरात बोलताना आपण यातला कुठलाही शब्द उचलतो आणि ऐकणाऱ्याला बरोबर समजतं, कारण त्याला ती माणसं माहीत असतात. कागदावर, आणि तेही इंग्रजीत, लिहायची वेळ आली की मात्र आपल्या मुलामुलींना एकच शब्द आठवतो, 'फाइट'. नाहीतर मोबाईलने सुचवलेला एखादा भलताच जड शब्द. अशाच एका शब्दामुळे आमच्या नात्यातल्या एका मुलाचा अर्ज भलत्याच वळणावर जाता जाता राहिला. म्हणून हे लिहितो आहोत.

आम्ही म्हणजे गांधीबागेतल्या एका घरातल्या दोघी जावा. खाली कापडाचा घाऊक बाजार, वर आमचं घर. पुरुष मंडळी याच बाजारात. थोरली मराठी शाळेत शिकलेली, धाकटी उर्दू शाळेत. इंग्रजी दोघींचंही कामापुरतं, पण डिक्शनरी उघडायचा कंटाळा दोघींनाही नाही. त्यामुळे मुलांचे रजेचे अर्ज, बँकेची पत्रं, स्कॉलरशिपचे फॉर्म सगळं आमच्याकडे येतं. दुपारी जोहरची नमाज झाली, जेवणं आटोपली की आमचं हे दुसरं काम सुरू होतं.

आमची नणंद कामठीला असते. तिचा मुलगा दुसऱ्या शहरात डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिथल्या वसतिगृहात राहतो. एका रात्री मेसच्या रांगेत त्याचा दुसऱ्या मुलाला धक्का लागला. शब्दाला शब्द वाढला. दोघांनी एकमेकांची कॉलर धरली, एक ताट खाली पडलं, शर्टाचं बटण तुटलं. बाकीच्या मुलांनी दोघांना बाजूला केलं. सगळं मिळून पाच मिनिटांचा प्रकार. दुसऱ्या दिवशी वॉर्डनने दोघांकडून लेखी खुलासा मागितला, इंग्रजीत. आमच्या भाच्याने मसुदा लिहून पाठवला आणि खाली लिहिलं, "मुमानी, जरा देख लो, कल देना है."

त्याचं पहिलंच वाक्य होतं, 'देअर वॉज अ रायट इन द मेस.'

आम्ही लगेच फोन लावला. हा शब्द कुठून आणलास, असं विचारलं. तो अगदी सहज म्हणाला, "अम्मी बोलती है ना, दंगा मत कर. मैंने दंगा डाला, मोबाईल ने रायट दिया."

मुलाचा यात फारसा दोष नाही. आपल्याकडे 'दंगा' शब्दाचं वजन जागेप्रमाणे बदलतं. मराठी शाळेत बाई वर्गाला म्हणतात, दंगा करू नका. तेव्हा त्यांना गोंगाट, मस्ती एवढंच म्हणायचं असतं. लग्नघरात पोरं दंगा करतात, तेव्हा कुणी पोलिसांना बोलावत नाही. हिंदी बातम्यांत मात्र दंगा म्हणजे जाळपोळ, दगडफेक, संचारबंदी. 'दंगल'चंही तसंच. कुस्त्यांची दंगल असते, तिथे लोक तिकीट काढून जातात. आणि शहरात दंगल होते, तेव्हा लोक दारं लावून घेतात. बोलताना आपण हा फरक न सांगता समजून घेतो. इंग्रजीतल्या 'रायट'ला ही सवलत क्वचितच मिळते. वॉर्डनच्या फाईलमध्ये तर अजिबात नाही.

कायद्यातही या शब्दाला स्वतःची जागा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 'रायटिंग', म्हणजे दंगा करणे, हा कलम १९१ खालचा गुन्हा आहे. पाच किंवा जास्त माणसांचा बेकायदेशीर जमाव हवा आणि त्या जमावाने किंवा त्यातल्या कुणी आपल्या समान उद्देशासाठी बळ किंवा हिंसा वापरलेली हवी. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. जवळ प्राणघातक हत्यार असेल तर पाच वर्षांपर्यंत. त्याच कायद्यात 'अफ्रे' नावाचा वेगळा गुन्हा आहे, कलम १९४. दोन किंवा अधिक माणसांनी सार्वजनिक ठिकाणी मारामारी करून तिथली शांतता बिघडवली तर तो लागतो. शिक्षा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे कायदासुद्धा भांडण मोजूनच त्याला नाव देतो. किती माणसं होती, काय उद्देश होता, हातात काय होतं, हे तो आधी विचारतो. मग आपणच आपल्या मुलाच्या सहीखाली सर्वांत मोठं नाव का लिहावं?

हा प्रश्न आम्हाला जास्त टोचला, त्याला कारण आहे. १७ मार्च २०२५ ची रात्र गांधीबागेतलं कुणी विसरलेलं नाही. रमजान चालू होता. महाल आमच्यापासून जवळच, हंसापुरीही जवळ. त्या रात्री तिथे दगडफेक झाली, गाड्या जळल्या, घरांचं नुकसान झालं, माणसं आणि पोलीस जखमी झाले. पुढे एका जखमी माणसाचा मृत्यूही झाला. शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली. बाजाराची शटर खाली होती आणि आम्ही घरात जे होतं त्यावर इफ्तार करत होतो. त्या दिवसांत आम्ही इंग्रजी बातम्या वाचायचो तेव्हा प्रत्येक शब्दापाशी थांबायचो. कुठे 'क्लॅश', कुठे 'रायट', कुठे 'व्हायोलन्स'. त्या रात्रीला कुणी 'किरकोळ झटापट' म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि ज्यांचं नुकसान झालं, त्यांच्यावर अन्याय झाला असता. मग मेसमधल्या पाच मिनिटांच्या ओढाताणीला 'रायट' म्हणणंही तितकंच खोटं. नागपूरच्या मुसलमान मुलाच्या नावापुढे, त्याच्याच हस्ताक्षरात, हा शब्द कॉलेजच्या दप्तरात राहिला असता. पुढे फाईल उघडणारा माणूस आमच्या आपाची बोली ऐकायला येणार नव्हता.

आमच्या सासूबाई बाजूला तसबीह घेऊन बसल्या होत्या. इंग्रजी त्यांना येत नाही. सगळं ऐकून म्हणाल्या, "जितना हुआ, उतनाच लिखो. न जादा, न कम."

मग आम्ही डिक्शनरी काढली आणि शब्द लहानापासून मोठ्यापर्यंत मांडत गेलो. ती उतरंड इथे देतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

सर्वांत हलका शब्द 'टिफ'. जवळच्या माणसांतला रुसवा, नवरा-बायकोचा किंवा मैत्रिणींचा. 'शी हॅड अ टिफ विथ हर सिस्टर.' डब्याच्या टिफिनशी याची गल्लत करू नये. 'स्पॅट'ही याच जातीचा, थोड्या वेळाचं किरकोळ भांडण. 'स्क्वॉबल' म्हणजे क्षुल्लक गोष्टीवरून आवाज चढवून केलेली कटकट. रिमोटवरून मुलांची जी चालते ती. 'द चिल्ड्रन स्क्वॉबल्ड ओव्हर द रिमोट.' 'ऑल्टरकेशन' म्हणजे मोठ्या आवाजातली वादावादी, आपली बाचाबाची. हा शब्द अर्जात आणि कार्यालयीन पत्रात शोभतो. 'स्कफल' आला की हात आले. थोडा वेळ चाललेली धक्काबुक्की, ओढाताण, पण कुणाला मोठी इजा नाही. 'ब्रॉल' म्हणजे आरडाओरड्याची हाणामारी. 'क्लॅश' त्याच्याही पुढे, बहुतेक वेळा दोन गटांत. आणि 'रायट' शेवटी.

या उतरंडीत एक शब्द आम्हाला वेगळा वाटला, 'स्कर्मिश'. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि मुळात तलवारबाजीशी जोडलेला आहे. मोठ्या लढाईच्या बाहेर, कडेला, सैन्याच्या लहान तुकड्यांत जी अचानक थोडक्यात गाठ पडते, ती स्कर्मिश. मराठीत त्याला अगदी फिट बसणारा शब्द आहे, चकमक. चकमक मूळचा तुर्की, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. पूर्वी विस्तव पेटवायला जी गार वापरत, तिचं हे नाव. दगडावर लोखंड आपटलं की ठिणगी उडते. कापूस नसेल तर तिथेच विझते. लहान भांडणाचं याहून चांगलं वर्णन आम्हाला सुचत नाही.

फरक समजायला आपल्या शहराचंच उदाहरण घ्या. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज यांच्यात जे झालं, त्याला इंग्रजी इतिहास 'बॅटल' म्हणतो, स्कर्मिश म्हणत नाही. अलीकडचं उदाहरण सरहद्दीचं. मे २०२० मध्ये लडाखमध्ये पँगाँग सरोवराजवळ आणि सिक्कीममध्ये नाकू ला इथे भारतीय आणि चिनी सैनिकांत धक्काबुक्की झाली. त्यासाठी स्कर्मिश, स्कफल असे शब्द चालले. १५ जूनच्या रात्री गलवानमध्ये आपले २० जवान शहीद झाले, तेव्हा वर्तमानपत्रांत 'क्लॅश' आला. सरहद्द तीच, पण घटना मोठी झाली तसा शब्द बदलला.

वाक्यात वापरताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. स्कर्मिश मोजता येतो, म्हणून एक असेल तर मागे 'अ' हवा, 'अ स्कर्मिश'. अनेक असतील तर 'स्कर्मिशेस'. दोन बाजू सांगायच्या तर 'बिट्वीन', आणि मग 'अँड'. 'अ स्कर्मिश ब्रोक आउट बिट्वीन द ट्रूप्स अँड द रेबल्स.' 'बिट्वीन' नंतर 'टू' लिहायची चूक पुष्कळांची होते. भांडणाचं कारण सांगायचं तर 'ओव्हर', जसं 'ओव्हर अ सीट'. हातघाई नसून नुसता शब्दांचा वाद असेल तर 'व्हर्बल स्कर्मिश', आपल्या वर्तमानपत्रांतली शाब्दिक चकमक. सभागृहातल्या किंवा मीटिंगमधल्या वादाला तो छान बसतो. घरातल्या रुसव्याला मात्र लावू नये. सैन्याचा शब्द स्वयंपाकघरात आणला की हसू येतं.

'फाइट विथ' लिहितानाही जपावं. 'ही फॉट विथ हिज ब्रदर' याचे दोन अर्थ होतात. भावाशी भांडला, किंवा भावाच्या बाजूने लढला. मराठीतल्या 'भावाशी'त हा घोटाळा नाही. म्हणून अर्जात 'आय हॅड अॅन आर्ग्युमेंट विथ' असं सरळ लिहिलेलं बरं.

भाच्याच्या अर्जात स्कर्मिश बसत नव्हता. तिथे ना तुकड्या होत्या, ना गट. आधी शब्द झाले, मग हात लागले, म्हणून दोन शब्द लागत होते. आम्ही त्याला आधी सगळं मराठीत लिहायला लावलं, घडलं त्या क्रमाने. मग इंग्रजीत असं झालं, 'देअर वॉज अॅन ऑल्टरकेशन बिट्वीन मी अँड अ क्लासमेट ओव्हर अ पुश इन द मेस लाइन. इट टर्न्ड इन्टू अ ब्रीफ स्कफल. नो वन वॉज हर्ट.' पुढे त्याने स्वतःहून एक वाक्य घातलं, की मीही त्याची कॉलर धरली होती आणि त्याबद्दल मला खेद आहे. ते आम्ही तसंच ठेवलं. शब्द लहान निवडला याचा अर्थ आपला वाटा लपवला असा होऊ नये.

देण्याआधी त्याने तो कागद दुसऱ्या मुलालाही दाखवला. त्या मुलाच्या खुलाशात 'असॉल्ट' लिहिलेलं होतं. म्हणजे हल्ला. दोघांनी मिळून वाचलं, आणि त्यानेही तो शब्द काढून 'स्कफल' लिहिला. दोन्ही कागदांत एकच गोष्ट सारख्या शब्दांत आली. वॉर्डनने दोघांना समज दिली आणि प्रकरण मिटलं. आता ते दोघे एका टेबलावर जेवतात की नाही, हे आम्ही विचारलेलं नाही.

तेव्हापासून आमच्या घरात मुलांना एक सवय लावली आहे. भांडणाबद्दल काही लिहायचं असेल, अर्ज असो, तक्रार असो की नुसता मेसेज, तर आधी स्वतःला चार प्रश्न विचारायचे. नुसते शब्द होते की हात उगारले गेले? माणसं किती होती? कुणाला लागलं का, काही मोडलं का? किती वेळ चाललं? उत्तरं आपल्या भाषेत लिहायची, मग इंग्रजी शब्द शोधायचा. मोबाईलने दिलेला शब्द डिक्शनरीत उलटा पाहायचा, म्हणजे इंग्रजीतून परत मराठीत किंवा उर्दूत. 'रायट' उलटा पाहिला असता तर भाच्याला तिथेच कळलं असतं.

दहावी-बारावीच्या मुलांना व्याकरण शाळेत शिकवतात. शब्दाचं वजन मात्र घरातच शिकवावं लागतं, कारण घडलं काय ते घराला माहीत असतं. आपल्या घरात असा कागद लिहिला जात असेल तर तो पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचून घ्या. घरातल्या ज्या माणसाला इंग्रजी येत नाही त्याला त्याचा अर्थ सांगा. तो जर म्हणाला, "एवढं कुठे झालं होतं?", तर शब्द बदला. आणि म्हणाला, "याहून जास्त झालं होतं", तरीही बदला.