परसातील मिरासदार

एखाद्या गृहस्थाची खरी वनस्पतिप्रीती पाहावयाची असेल, तर त्याच्या परसदारी जावे, असे मला नेहमी वाटत आले आहे. कारण गुलाब, मोगरा आणि क्रोटन यांच्या कुंड्यांनी सजलेली दर्शनी बाग बहुधा येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी असते, परंतु आडाचे सांडलेले पाणी जिथे मुरते, भिंतीची सावली दुपारनंतर जिथून हलत नाही आणि फुलझाडांचे नेहमीचे लाड जिथे निष्फळ ठरतात, त्या ओलसर कोपऱ्याचे काय करावे, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. माझ्या परसातल्या अशा कोपऱ्यात गेली कित्येक वर्षे पेव नांदत आहे. कोकणात ज्याला पेवा म्हणतात आणि जुन्या वैद्यकाने ज्याला केमुक म्हटले, ते हे आले-हळदीचे भाऊबंद. सह्याद्रीच्या उतारांवर आणि ओढ्यांच्या काठी पावसाबरोबर आपण होऊन उगवणारे, आणि कदाचित म्हणूनच बागेत सन्मानाने क्वचितच बोलावले गेलेले.

त्याची लावणी अगदी सोपी आहे. वैशाख सरता सरता वळवाची एखादी सर येऊन माती मऊ झाली, की डोळा असलेला कंदाचा तुकडा चार बोटे खोल पुरावा, वर कुजलेल्या पाल्याचा थर द्यावा आणि पुढचे काम पर्जन्यावर सोपवून स्वस्थ बसावे. कंद न मिळाला, तर भर पावसाळ्यात जून खोडाचे दोन-तीन पेरांचे तुकडे ओल्या वाळूत आडवे ठेवले तरी पेरांपाशी कोंब धरतात. सकाळचे कोवळे ऊन, दुपारची सावली आणि पायाखाली ओल, एवढे मिळाले की त्याची आणखी काही मागणी नसते.

मृगाच्या पावसानंतर वर आलेला कोंब काही दिवस इतर कोंबांसारखाच दिसतो. परंतु पाने सुटू लागली की या वनस्पतीचे वेगळेपण प्रत्ययास येते. आल्याची आणि हळदीची पाने दोन रांगांत समोरासमोर लागतात. पेवाची पाने एकाच रांगेत लागतात, आणि ती रांग खोडाला वेढे घालीत, खोडालाही आपल्याबरोबर वळवीत पुरुषभर उंचीपर्यंत चढत जाते, त्यामुळे वरचे पान लगतच्या खालच्या पानाला सावलीत पुरते लोटीत नाही. पानाच्या पाठीवरून बोट फिरवले तर मऊ लव लागते. पान चुरगाळून हुंगले तर मात्र आल्या-हळदीच्या कुळीचा तो प्रसिद्ध दर्वळ येत नाही. सुगंधाचा वारसा भाऊबंदांकडे राहिला; याच्या वाट्याला आला तो हा डौल.

श्रावण-भाद्रपदात शेंड्यावर गडद तांबड्या छदांचे भरीव कणीस येते आणि त्याच्या खवल्यांमधून दिवसाला एखाददुसरे शुभ्र फूल बाहेर पडते. त्या फुलाकडे मी जितक्या जवळून पाहिले, तितका निसर्गाच्या काटकसरीविषयीचा आदर वाढत गेला. जी रुंद, चुणीदार, कंठाशी पिवळसर झाक असलेली पाकळी आपले चित्त वेधते, ती वास्तविक पाकळी नव्हेच. पाच वंध्य केसरांनी एकत्र जुळून धारण केलेले ते रूप आहे, आणि खऱ्या तीन पाकळ्या तिच्या मागे संकोचाने उभ्या असतात. परागाचे सारे काम उरलेल्या एकट्या केसराकडे. काळा भुंगा आत शिरला की ते अवघे फूल हिंदकळते. बाहेर छदांवर पाझरणाऱ्या मधासाठी मुंग्यांचा राबता अखंड चालू असतो. फूल एका दिवसाचे असते, पण कणसाचा तांबडा रंग आश्विनापर्यंत टिकतो, आणि पुढे फळे उकलून पांढऱ्या गरात रुतलेले काळे बी दिसू लागले की पक्ष्यांना त्याची वर्दी जाते.

ज्याला आज आपण रान म्हणून उपटतो, त्याची दखल कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथाने सतराव्या शतकात सचित्र घेतली होती. पेवाचे चित्र 1692 साली निघालेल्या अकराव्या खंडात आहे. तोवर ऱ्हीडचा देहान्त होऊन गेला होता. या ग्रंथाच्या कामी मलबारातील वैद्य इट्टी अच्युतन याच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी भाषिक वैद्य खपले, आणि आपल्या श्रमांचा दाखला त्यांनी 1675 साली कोकणीत, नागरी लिपीत लिहून दिला. आपल्या भोवतीची वनस्पती नावानिशी ओळखणे ही त्या पंडितांच्या लेखी विद्या होती.

मार्गशीर्ष लागला की पाने पिवळी पडू लागतात, आणि पौष-माघात तो कोपरा पार उघडा होतो. वाळली खोडे कापून तिथेच अंथरावी, पाणी तोडावे आणि माती हलवू नये. एका माघात आमच्या माळ्याने विचारले, “दादासाहेब, ही जागा मोकळी पडलीय, शेवंती लावू का इथं?” “नको रे,” मी म्हणालो, “ती मोकळी नाही.” हे उत्तर देताना मला जुन्या महसुली दप्तरांतील मिरासदाराची आठवण झाली. उपरी कूळ ठरल्या मुदतीपुरते जमीन कसून जाई. मिरासदाराचा हक्क मात्र वंशपरंपरेचा असे, आणि दुष्काळामुळे तो परागंदा झाला तरी मागाहून परत येऊन आपली जमीन मागण्याची त्याला मुभा असे. गैरहजेरीने मिरास बुडत नसे. हंगामी फुलझाडांची मला मुळीच अप्रीती नाही. ती येतात, शोभा देतात आणि मुदत संपताच जातात. परंतु उन्हाळाभर भुईखाली राहून ज्येष्ठात आपल्या जागी पुन्हा उभे राहणाऱ्या पेवाचे नाते त्या मातीशी आहे, माझ्या हौसेशी नाही.

हा हक्क अर्थात त्या त्या भूमीपुरताच. हवाईसारख्या पॅसिफिकमधील बेटांवर शोभेसाठी नेलेले हेच पेव बागेबाहेर रानात शिरले आहे, आणि आपल्या अंगणातही कंद फार पसरू लागले तर त्यांना आवर घालावाच लागतो. कंदातील डायोस्जेनिन या औषधी द्रव्यामुळे त्याला मोल आहे. म्हणून डोंगरातून खणून आणण्याची बुद्धी कोणी धरू नये. ज्याच्या परसात ते आहे त्याच्याकडून एक तुकडा मागून घ्यावा. तीन-चार वर्षांच्या गड्ड्यातून दहा घरांना पुरेल इतके बेणे सहज निघते. मी ते मागेल त्याला देतो आणि एवढेच सांगतो, की पहिल्या हिवाळ्यात ते दिसेनासे झाले म्हणून मेले असे समजू नका, आणि त्या जागी दुसरे काही लावू नका.