ऑपरेशन माझं, तयारी घराची



गेल्या वर्षी मी वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं. त्यावर इथे लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. कारण आपल्याच चळवळीतल्या एका कार्यकर्त्याने मला तोंडावर विचारलं होतं, "ताई, लोकांना खायला मिळत नाही आणि तुम्ही खाल्लेलं उतरवायला ऑपरेशन करता?" त्या दिवशी मी गप्प बसले. उत्तर आज देते.

माझं वजन १०४ किलो, उंची पाच फूट दोन इंच, सोबत मधुमेह. दहा वर्षं वस्त्यांमध्ये काम केलं. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वडापाव, रात्री साडेदहाला घरी आल्यावर भाताचं भरलेलं ताट. स्वस्तात पोट भरतं ते मैदा, बटाटा, साखर आणि तेलाने. प्रथिनं महाग पडतात. म्हणजे लठ्ठपणा हा फक्त श्रीमंतांचा आजार नाही. आपल्या वस्तीत ज्या घरात एक बाई रक्त कमी म्हणून गोळ्या घेते, त्याच घरात दुसरी साखरेच्या गोळ्या घेते. दोघींचं ताट एकच असतं.

दुसरा आक्षेप संयमाचा. "आपण बौद्ध, आपल्याला संयम जमला पाहिजे." हे सांगणाऱ्यांनी संयुत्त निकायातलं दोणपाक सुत्त पुन्हा वाचावं. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात खायचा आणि धापा टाकत बसायचा. तथागतांनी त्याची टिंगल केली नाही. जेवणात मात्रा ओळखण्याबद्दल एक गाथा सांगितली. राजाने काय केलं? सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली, रोज जेवताना म्हणायला सांगितली आणि त्यासाठी दिवसाला शंभर कार्षापण ठरवले. हळूहळू राजाचा आहार कमी झाला. म्हणजे राजासुद्धा एकट्याच्या मनोबलावर विसंबला नाही. त्याने शेजारी माणूस बसवला, घरात व्यवस्था उभी केली. ऑपरेशननंतर मला हेच शिकायला मिळालं.

माझं ऑपरेशन स्लीव्ह प्रकारचं. त्यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. आधीचे दोन आठवडे कमी कॅलरीचा, बराचसा पातळ आहार होता, त्याने यकृताची सूज उतरते आणि शस्त्रक्रिया सोपी होते. नंतर एक-दोन दिवस नितळ पाणी आणि सूप, मग दोन आठवडे पातळ पदार्थ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. नेहमीचं जेवण साधारण दीड-दोन महिन्यांनी. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबायचं. जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या कायमच्या.

हातात आलेल्या तक्त्यात पनीर, बदामाचं दूध आणि परदेशी प्रोटीन पावडर होती. अंडं तळाशी, "चालत असल्यास" म्हणून. मासे, मटण कुठेच नाही. तक्ता बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणाचं स्वयंपाकघर होतं, हे वेगळं सांगायला नको. मी आहारतज्ज्ञ बाईंना सरळ सांगितलं, "आमच्या घरात अंडी, चिकन, सुकट, हरभरा आहे. यातून ६० ग्रॅम बसवून द्या." त्यांनी बसवून दिलं. साध्या दुधात बिनसायीच्या दुधाची पावडर, घट्ट डाळ गाळून, चिकन मऊ शिजवून मिक्सरला, पुढे अंडं. डाळीच्या वरच्या पाण्यात किंवा नुसत्या नळीच्या रश्श्यात फारसं प्रथिन नसतं, हेही तेव्हाच कळलं. तक्ता बदलून मिळतो, पण विचारावं लागतं. आपण विचारत नाही, कारण आपलं खाणं दवाखान्यात मोठ्याने सांगायची लाज आपल्याला पिढ्यान् पिढ्या शिकवली आहे.

एवढी तयारी करून मी घरी आले आणि नवव्या दिवशी फसले. माय गावाकडून आली होती, बीड जिल्ह्यातून. १९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. खडी फोडली, सुकडी आणि लाल मिलो खाऊन जगली. माझी वाटीभर पातळ पेज बघून तिचा जीव तुटायचा. त्या दुपारी तिने रश्श्यात कुस्करलेली भाकरी भरवली. "दोनच घास बाई." मला मोडवेना. वीस मिनिटांत छाती दाटली, उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात जावं लागलं. शिवण शाबूत होती, निभावलं. रात्री माय म्हणाली, "पोटासाठी जलम गेला आमचा, अन् तू पोटच कापून आलीस. मला काय कळावं?"

चूक तिची नव्हती. मी फ्रिज भरला, मायला काहीच सांगितलं नव्हतं. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या मुलीने घरातल्या सगळ्यात महत्त्वाच्या माणसाला अडाणी म्हणून वगळलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला सगळं समजावलं. ताप, नाडी जोरात, पोटात किंवा डाव्या खांद्यात असह्य दुखणं, पिंडरी सुजणं, दम लागणं, पाणीही न टिकणं: यातलं काहीही झालं तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. तिला वाचता येत नाही, पण सगळं तोंडपाठ केलं. औषधाच्या बाटलीचं झाकण घेऊन ती शेजारी बसायची आणि दर थोड्या वेळाने म्हणायची, "घोट घे." माझी सुदस्सन तीच.

आता पाण्याचा प्रश्न. डॉक्टर म्हणाले, महिना-दीड महिना जड उचलायचं नाही. आमच्याकडे नळ पहाटे पाचला येतो, हंडे दुसऱ्या मजल्यावर चढवायचे. हा सल्ला देणारा कागद गृहीत धरतो की घरात दुसरं कोणीतरी आहे. व्यासपीठावर समतेवर बोलणाऱ्या माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा सलग दीड महिना पाणी भरलं. शेजारणींनी त्याचं कौतुक केलं. माझं दहा वर्षांत कोणी केलं नव्हतं!

आणि मला संस्थेने तीन आठवड्यांची पगारी रजा दिली. माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई चार घरची धुणीभांडी करणारी होती, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेली. ती पाचव्या दिवशी कामावर गेली. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडलं होतं की आईला मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे आणि तिचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. विश्रांती ही कोणाची मेहेरबानी नाही, हा विचार तिथे आहे. घरकामगार बाईच्या आजारपणाला तो कधी लागू होणार, हा प्रश्न आपल्या मागणीपत्रांत यायला हवा.

तर माझ्या त्या भावाला उत्तर: मी खाल्लेलं उतरवायला गेले नव्हते, आजारावर उपचार घ्यायला गेले होते. तुमच्या घरात कोणाचं असं ऑपरेशन ठरलं तर वाट्या-मिक्सरच्या आधी तीन गोष्टी ठरवा. पाणी कोण भरणार, रजेचा पगार कुठून येणार, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला समजावून कोण सांगणार. तक्ता त्यानंतर.

जय भीम!