मजल्याला एक मिलिगॅल

९.८ च्या पुढे काय असतं, हा प्रश्न शाळेत कधी पडलाच नाही. वस्तू पडते, तिचं त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, सूत्रात घाला, उत्तराखाली दोन रेघा मारा, संपलं. आणि आता कळतंय की खरी गंमत दशांश चिन्हानंतरच्या पाचव्या, आठव्या, दहाव्या घरात चालली आहे! ती बघायला दुर्बीण नको, प्रयोगशाळा नको. एककं बदलता आली की झालं.

गुरुत्व मोजणारी माणसं मीटरमध्ये बोलत नाहीत. त्यांचं एकक गॅल, गॅलिलिओच्या नावाचं. सेकंदाला एक सेंटिमीटर प्रति सेकंद, हा एक गॅल. म्हणजे पृथ्वी आपल्याला साधारण ९८० गॅलने ओढते. गॅलचा हजारावा भाग मिलिगॅल, दशलक्षावा मायक्रोगॅल. रूपांतर तर आपल्यासाठीच केल्यासारखं आहे: मीटरच्या आकड्याला एक लाखाने गुणा, मिलिगॅल आले, दहा कोटींनी गुणा, मायक्रोगॅल. लाख-कोटीत हिशेब करणाऱ्यांना आणखी काय हवं! सेन्सर बनवणारे मात्र मायक्रो-जी वापरतात, म्हणजे ‘जी’चा, पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाचा, दशलक्षावा भाग. तो निघतो ०.९८ मिलिगॅल. दोन टक्क्यांचा फरक सोडला तर दोन्ही एकच. हे कळल्यावर मी अक्षरशः टाळी वाजवली.

पण खरा धक्का पुढे आहे. जमिनीपासून वर गेलं की गुरुत्व कमी होतं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. किती कमी? मीटरमागे ०.३०८६ मिलिगॅल. म्हणजे सव्वातीन मीटरला एक मिलिगॅल. सव्वातीन मीटर म्हणजे इमारतीचा एक मजला! जिना चढा, एक मिलिगॅल गळाला. त्या दिवसापासून मला लिफ्टमधली बटणं वेगळीच दिसतात.

महाबळेश्वरचा हिशेब तर करायलाच हवा होता. त्याच अक्षांशावर कोकणातल्या समुद्रकाठापासून १३५० मीटर वर गेलं की ४१७ मिलिगॅल कमी. पण पायाखाली आलेला सह्याद्रीचा खडकही ओढतोच की! तो ढोबळमानाने दीडशे परत देतो. राहिली तूट सुमारे २६५ मिलिगॅलची. साठ किलोचा माणूस स्प्रिंगच्या काट्यावर सोळा ग्रॅमने हलका. आता तो खडक किती घन आहे, खाली कवच किती जाड आहे, यावर प्रत्यक्ष मोजलेला आकडा या हिशेबापासून थोडा सरकतो, आणि त्या सरकण्यावरूनच जमिनीच्या पोटात काय दडलंय ते ओळखतात. तेल आणि खनिजं शोधणारे जे नकाशे रंगवतात, ते मिलिगॅलचेच.

मायक्रोगॅलमध्ये उतरलं की आणखी वेड लागतं. उंची एक सेंटिमीटरने वाढली तर तीन मायक्रोगॅल कमी. आणि हे मोजता येतं! निरपेक्ष गुरुत्वमापीत निर्वात नळीत एक आरसा खाली सोडतात. वीसेक सेंटिमीटरचं पडणं, सेकंदाचा पाचवा हिस्सा, बस. तेवढ्यात लेझरच्या लहरी मोजून आणि अणुघड्याळाशी ताडून त्वरण दोन-चार मायक्रोगॅलपर्यंत अचूक मिळतं. त्याला चंद्र-सूर्य डोक्यावरून गेलेले कळतात, कारण भरती-ओहोटीच्या ओढीने जागच्या जागी पाव मिलिगॅलच्या आसपास चढउतार होतो. पाऊसही कळतो! जमिनीखाली एक मीटर जाडीचा पाण्याचा थर वाढला की बेचाळीस मायक्रोगॅलची भर. विहिरीत दोर न सोडता भूजल मोजायचं, आहे की नाही कमाल!

आणि मग मला पायोनियर सापडलं.

१९७२ आणि १९७३ साली निघालेली पायोनियर १० आणि ११ ही दोन यानं सूर्यमालेबाहेर जाताना अपेक्षेपेक्षा किंचित जास्त मंदावत होती. हिशेबात न बसणारं त्वरण सूर्याच्या दिशेने: ८.७४ गुणिले दहाचा उणे दहावा घात मीटर प्रति सेकंद वर्ग. या आकड्यापायी गुरुत्वाचा नियमच चुकतोय की काय, इथपर्यंत चर्चा गेली. मी पेन्सिल उचलली. गुणिले दहा कोटी: ०.०८७ मायक्रोगॅल. त्याला सेंटिमीटरच्या ३.०८६ ने भाग: पाव मिलिमीटरच्या जरासं वर! म्हणजे टेबलावरची वस्तू एका व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी उचलली तर गुरुत्वात जो फरक पडेल, तेवढ्यावरून न्यूटन-आइन्स्टाइन आरोपीच्या पिंजऱ्यात! आणि फरक क्षुल्लक म्हणाल तर तसंही नाही. हेच त्वरण वर्षभर सलग लागू द्या, यान सव्वाचारशे किलोमीटरहून जास्त मागे पडतं. जुन्या चुंबकीय फितींवरची माहिती खणून काढल्यावर २०१२ साली उलगडा झाला. यानातल्या अणुविद्युत-जनित्राची आणि उपकरणांची उष्णता सगळीकडे सारखी न जाता एका बाजूला जास्त बाहेर पडत होती, आणि तिचाच तो धक्का. मला तर नियम मोडण्यापेक्षा हेच उत्तर जास्त आवडलं. नुसती ऊब, आणि तिने अख्खं यान रेटलं!

आता थांबवत नाही. मोर्डेहाय मिल्ग्रोम यांनी १९८३ मध्ये सुचवलं होतं की त्वरण एका मर्यादेखाली गेलं की न्यूटनचा नियम बदलत असावा, आणि मग दीर्घिकांच्या फिरण्यासाठी कृष्णद्रव्य मानायलाच नको. ती मर्यादा १.२ गुणिले दहाचा उणे दहावा घात. चला, दहा कोटींनी गुणा: ०.०१२ मायक्रोगॅल. भागा ३.०८६ ने. ०.०४ मिलिमीटर! अख्ख्या दीर्घिकांचा वाद टेबलावर आणला तर ०.०४ मिलिमीटर उंचीचा! पुढचा कागद कुठाय?