आवळलेले दांत

शेजाऱ्याच्या घरांत काय चाललें आहे याची माणसाला जितकी खबर असते, तितकी स्वतःच्या जबड्याची नसते, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे.

वडील इस्पितळांत होते. टेबलावर तपासण्यांचे अहवाल, विम्याचे अर्ज, न तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, आणि शेजारीं सारखा थरथरणारा फोन. मीं लेखणी उचलली, खालीं ठेविली, पुन्हां उचलली. आरंभ कोठून करावा हेंच सुचेना. ‘मन शांत ठेवा’ असें दिवसभर सर्वांनीं सांगितलें होतें. पण तें मन सांपडावयाचें कोठें, हें कोणींच सांगितलें नव्हतें!

रात्रीं पत्नी चहा घेऊन आली. माझ्याकडे पाहून म्हणाली, “अहो, दांत कां आवळले आहेत?”

मीं दचकून लक्ष दिलें. दांत खरोखरच एकमेकांवर रुतले होते. खांदे कानांपर्यंत चढले होते. पायांचीं बोटें चपलेंत मुडपलीं होतीं. श्वास तर छातीच्या वरच्या मजल्यावरूनच परत फिरत होता. जणूं त्या कागदांशीं मला कुस्ती खेळावयाची होती!

आपण दुःखी होतों म्हणून रडत नाहीं, तर रडतों म्हणून दुःखी होतों, असें विल्यम जेम्स यानें १८८४ सालीं प्रतिपादिलें. पुढील पंडितांनीं या मतावर पुष्कळ आक्षेप घेतले. परंतु त्या रात्रीं मी जेम्सच्या पक्षाचा झालों. एडमंड जेकबसन या अमेरिकन वैद्यानें १९२९ च्या ग्रंथांत सांगितलेली युक्ति आठवली: स्नायु प्रथम मुद्दाम आवळावा, मग सोडावा, म्हणजे ताण कशाला म्हणतात हें तरी कळतें. मी जमिनीवर उताणा पडलों. असें निजणें श्रम हरण करतें, हें हठयोगप्रदीपिकेंतही आहे. पण त्या आसनाचें नांव माझ्या जिभेवर येईना. वडील इस्पितळांत असतां ‘शव’ हा शब्द कोण उच्चारील?

मुठी आवळल्या, सोडल्या. टाचांना फरशीचा गारवा लागला. श्वास सावकाश सोडतांना हृदयाची गति मंदावते, हें मीं वाचलें होतें; अनुभवलें तें तेव्हां. काळजी गेली नाहीं. पण मघाशीं सारें घर व्यापून राहिलेली ती आतां छातींत, मुठीएवढ्या जागेंत बसली होती. उठून मीं पहिल्या अर्जावर वडिलांचें नांव लिहिलें.

सकाळीं इस्पितळांत गेलों, तों वडील झोपेचें सोंग घेऊन पडलेले. चादरीचा कांठ मुठींत घट्ट धरलेला. ‘भिऊं नका’ हे ओठांवर आलेले शब्द मीं गिळले.

“अण्णा, मूठ आणखी घट्ट आवळा पाहूं.”

त्यांनीं डोळे उघडून नवलानें माझ्याकडे पाहिलें, आणि आवळली.

“आतां सोडा.”

चादरीवर खोल चुण्या उमटल्या होत्या. त्यांकडे क्षणभर पाहून ते म्हणाले, “पुन्हां करूं?”